कात्र्यांचा डबा

"भूल दिल्यावर रक्तदाब घसरला, तर मी हे इंजेक्शन देईन," भूलतज्ज्ञ म्हणाली. "पण नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, तर यानेच तो इतका उसळतो की मेंदूतली शीर फुटू शकते. खरं सांगा मर्व्हिन, घेता तसली गोळी?"

"अख्ख्या क्वीन्सलंडच्या मेंढ्या कातरण्यात जन्म गेला माझा, डॉक्टर. उदास व्हायला वेळ कुणाला होता?"

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. मर्व्हिनच्या बायकोने, कोलीनने, पुढे होऊन दांडा घट्ट धरला.

"घेतो तो. रोज. शेडमध्ये कात्र्यांच्या डब्यात ठेवतो."

मर्व्हिन ताडकन उठून बसला. "माझ्या डब्यात हात कशाला घातलास तू?"

कोलीनने दांडा सोडला नाही.

"माझ्या गोळ्या लपवायला जागा शोधत होते."