गालावरचं ग्रहण

"मी येऊन काय करू? आंधळ्याला आरसा दाखवायचाय का?" घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची बंद घड्याळं चालती केली होती. डोळे गेले आणि त्यांनी खोली धरली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. आज अख्खी इमारत गच्चीवर लोटली होती. खग्रास सूर्यग्रहण तासाभरावर आलं होतं.

सुनेनं वाद घातला नाही. तिनं हीटर आणून त्यांच्यासमोर लावला.

"बाबा, हा सूर्य. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. ऊब लागतेय ना?" मग तिनं हातातला चेंडू त्यांच्या गालापुढे धरला. तेवढ्या जागेवरची ऊब गेली. "हा चंद्र मधे आला. त्याची सावली आपल्यावर पडली. झालं सूर्यग्रहण."

"आणि चंद्रग्रहण?"

तिनं चेंडू त्यांच्या डोक्यामागे नेला. "आता चंद्रच तुमच्या सावलीत सापडला."

घड्याळजींनी मागे हात नेऊन चेंडू चाचपला. "चंद्र तर महिन्याला एक फेरी मारतो. मग दर महिन्याला ग्रहण का लागत नाही?" कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती.

"त्याची वाट जराशी तिरकी आहे, बाबा. बहुतेक वेळा तो वरून नाहीतर खालून निसटतो."

"असं होय!" ते उठलेच. "काठी दे माझी."

गच्चीवर तिनं त्यांना सूर्यासमोर खुर्चीत बसवलं. ऊन हळूहळू नरम पडत गेलं. पाखरं गप्प झाली. मग गालांवरची उरलीसुरली ऊब गेली आणि गच्चीभर एकच आरोळी उठली.

"आला! मधे आला!" घड्याळजी लहान मुलासारखे ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दोनेक मिनिटांनी ऊन पुन्हा चेहऱ्याला लागलं. "पोरी, आज तू मला खोलीतून नाही, खड्ड्यातून बाहेर काढलंस," ते म्हणाले. "तू नीट पाहिलंस ना?"

"हो बाबा. सगळं पाहिलं."

आवाज समोरून आला, अगदी गुडघ्यांपाशी. घड्याळजी चमकले. सूर्यही समोरच होता. म्हणजे एवढा वेळ पोर सूर्याकडे पाठ करून त्यांचाच चेहरा बघत बसली होती.

त्यांनी चाचपडत तिचे खांदे धरले आणि तिला हळूच फिरवलं.

"चष्मा लाव," ते म्हणाले. "अजून अर्धं ग्रहण बाकी आहे."