सोपं सॉफ्टवेअर

मोहनकाकांनी दार उघडलं आणि नीनाच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर तिची गाडी आणि शेजाऱ्यांचा कचऱ्याचा हिरवा बिन, एवढंच होतं.

"एकटीच?"

"हो काका. बाकीच्यांनी आपापली पानं घरूनच तपासली. ऑनलाइन."

हे सांगताना तिला अभिमान वाटायला हरकत नव्हती. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर तिनंच निवडलं होतं, तेही कमिटीला रीतसर स्लाइड्स दाखवून. शेवटच्या स्लाइडवर होतं, 'काकांचा त्रास वाचेल!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

त्रास होताच. काकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटायची. ज्याचं त्यानं समोर बसून बघावं, हाच उपाय. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की दर शनिवारी एजवेअरहून, स्लाऊहून लेखकमंडळी आपापली फुटकी अक्षरं सांधायला काकांच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसायची. अक्षरं तासाभरात सांधली जायची. मंडळी मात्र जेवूनच उठायची. कवींच्या ओळी सगळ्यांत कमी आणि मुक्काम सगळ्यांत मोठा.

आज टेबलावर लॅपटॉप होता आणि भोवती रिकाम्या खुर्च्या.

"अंक मंगळवारीच लावून झाला," काका म्हणाले. "एका दुपारीत. फोटो उचलायचा, सोडायचा. शेजारच्यांच्या मांजरालाही जमेल गं."

"मग छानच की."

"छानच. फक्त आता दिवाळीपर्यंत काय करायचं, ते कुठल्या मेन्यूत आहे, सापडलं नाही अजून."

नीना हसली. काका हसले नाहीत. तिनं नजर चुकवली, तर ती जाऊन पडली ओट्यावरच्या पातेल्यावर. काठोकाठ भिजवलेला साबुदाणा. आठ-दहा जणांना सहज पुरला असता.

"शनिवार ना," काका म्हणाले. "एकट्यापुरतं माप हाताला येत नाही."

ती खरं तर फाइल घेऊन निघणार होती. पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, गाडी दोन मिनिटांसाठी लावली होती. ती खुर्ची ओढून बसली. स्वतःचा लेख उघडला. एकही अक्षर फुटलं नव्हतं. तिनं फोटो धरला आणि मुद्दाम मजकुराच्या मधोमध नेऊन आपटला. मजकूर शहाण्यासारखा बाजूला सरकला. तिनं मथळा पानाबाहेर ओढला. सॉफ्टवेअरनं तो परत आणून बसवला आणि वर विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का?

"काका," नीना म्हणाली, "मला हे जमत नाहीये."

काकांनी चष्मा लावला. वाकून पान पाहिलं. पान आरशासारखं होतं. मग चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून.

"सोपं आहे म्हणाली होतीस ना गं तू?"

"चुकलंच माझं, काका."

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग ओट्याकडे गेले, मोठी कढई गॅसवर चढवली, तूप-जिरं टाकलं आणि पाठमोरेच म्हणाले,

"परीक्षितला तरी जमलं का?"

एजवेअरच्या परीक्षितनं आपली पानं परवाच तपासून, वर अंगठा दाखवून पाठवली होती.

"छे," नीना फोनवर त्याचा नंबर काढत म्हणाली. "त्याला तर अजिबात नाही."

"आणि स्लाऊच्या श्रद्धाला?"

"तिचं तर विचारूच नका."

"बघ," काका म्हणाले, आणि पातेलं उचलून सगळा साबुदाणा त्यांनी कढईत उपडा केला.