चाळीसपैकी चाळीस

"आपलं लेकरू नजरंपुढं असलं की बाईला दुसरं काहीच दिसत न्हाई, राजश्री. भूकंपात माझंबी तसंच झालतं," डबा भरता भरता सासूबाई म्हणाल्या होत्या. राजश्रीनं नुसतं हूं केलं. धुरपताबाई किल्लारीकडच्या, भाजी खारट झाली तरी त्यांची गोष्ट भूकंपावर जायची.

नांदेडच्या क्लासनं सातवीच्या फाउंडेशन बॅचला माहूरच्या डोंगरावर नेलं होतं. सोबत पालक हवे होते. वैष्णवीला दमा, म्हणून राजश्रीनं पहिलं नाव दिलं. पर्समध्ये पंप, आणि कान सतत लेकीच्या छातीकडं.

"मॅडम, तुम्ही सगळ्यात मागं राहा," भीमाशंकर सर म्हणाले. "पाच-पाचचे ग्रुप केलेत. पाचीच्या पाची वर पोचले तर दहा मार्क. एक जरी कमी, तर भोपळा."

"डोंगरालाबी मार्क?"

"मार्क नसले तर ही पोरं जिना चढत न्हाईत, मॅडम. डोंगराचं काय घेऊन बसलात!"

अर्ध्या वाटेवर, कुंडापाशी, सबिहाला नवे बूट चावले. वैष्णवीच्या बेंचवरची ही मैत्रीण, सांगितलेलं ऐकणारी, गुणी पोर. टाच पार सोलून निघाली होती. राजश्रीनं तिला चिंचेखाली बसवलं, पट्टी लावली, दोन शब्द समजुतीचे बोलली. तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. वैष्णवीचाच. राजश्री दोन-दोन पायऱ्या ओलांडत धावली.

"हळू. पंप ओढ. आता धरून ठेव श्वास."

"मम्मी, सगळे बघून राहिले ना!"

"बघू दे. तिकीट लावलंय का आपण?"

मग दर वळणावर थांबणं, पाठीवर हात, घोटभर पाणी. राजश्रीच्या पोटऱ्यांचे गोळे झाले, पण लेक एकेक पायरी चढत गेली आणि माथ्यावर पोचली. खाली सागाचं रान पसरलं होतं. वारा मोकळा होता. सरांनी नंबर पुकारायला सुरुवात केली. "हजर सर, हजर सर" चाळिसापर्यंत गेलं. राजश्री तिकडं लक्ष न देता लेकीचे श्वास मोजत होती. घरघर नव्हती.

"चाळीसपैकी चाळीस!" सरांनी फोटो काढला. "याला म्हणतात चढाई!"

उतरायचं पलीकडच्या डांबरी रस्त्यानं होतं. दोन गाड्या तिथंच येऊन थांबलेल्या. "वर मोजलंय सगळ्यांना. जागा दिसंल तिथं बसा, घाट उजेडात उतरू," सर म्हणाले.

गाडी तासभर चालली. राजश्रीनं पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी टेकली. सरांना चाळीस आकडे हवे होते, तिला एवढंच हवं होतं: खांद्यावर डोकं ठेवून शांत श्वास घेणारी ही पोर. डोंगर पावला म्हणायचा.

"दमलीस?"

"न्हाई. घसा बसला. दोन नंबर ओरडावे लागले."

"दोन कशाला?"

"बावीस माझा. तेवीस सबिहाचा. ती खालीच बसलेली, आमचा भोपळा झाला असता. क्लासमधेबी एकमेकींचं असंच चालतं आमचं." वैष्णवीनं जांभई दिली. "मागच्या गाडीत असंल ना ती?"

राजश्रीनं मागच्या गाडीत सरांना फोन लावला.

"इकडं न्हाई, मॅडम," सर म्हणाले. "मागं तर तुम्ही होता ना?"

ड्रायव्हरनं गाडी वळवली. परत पोचायला तास लागणार होता आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. राजश्रीनं होते नव्हते तेवढ्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर टाकला:

'हे वाचणारं कुणी माहूरजवळ असाल तर हात जोडून सांगते, जुन्या पायऱ्यांच्या वाटेनं कुंडापर्यंत जाऊन बघा. सबिहा नाव आहे, बारा वर्षांची. नुसत्या हाका मारून परत फिरू नका. ती ओ देणार नाही. मी न्यायला येईपर्यंत कुणाशी बोलू नको, जागची हलू नको, असं तिला मीच बजावलंय.'