दोनदा दुमडलेली तार

संग्रहालयात ठेवायचं जुनं लष्करी हेलिकॉप्टर आम्ही सहा निवृत्त माणसं हौसेने, फुकट दुरुस्त करत होतो. त्यात एक त्याचा जुना मेकॅनिक होता आणि एक जुना पायलट. चाळीस वर्षांपूर्वी ते उतरताना आपटलं होतं, आणि चौकशी समितीने शेपटीचं झाकण न उघडताच आतला नट ढिला राहिल्याचं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून मेकॅनिक घराचं कुलूप पाच वेळा ओढून बघतो.

आज ते झाकण उघडायचं होतं. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, म्हणून स्क्रू मी काढले. नट जागच्या जागी, घट्ट. तो सैल होऊ नये म्हणून त्यावर पीळ दिलेली तार, आणि तारेचं टोक दोनदा आत दुमडलेलं. अख्ख्या तळावर टोक दोनदा दुमडणारा एकच माणूस होता. बाकीचे त्याला त्यावरून हसायचे.

"साहेब, माझा नट ढिला नव्हता हो!" मेकॅनिक मटकन खाली बसला आणि हसत हसत डोळे पुसू लागला.

"माहीत आहे मला," पायलट म्हणाला. "उतरताना माझाच अंदाज चुकला होता."

"आणि चाळीस वर्षं बोलला नाहीत?"

"आधी नोकरीची भीती होती. मग तू दरवर्षी त्या तारखेला माफी मागायला घरी यायला लागलास. तुझ्याशिवाय माझ्याकडे येतं कोण?"

मेकॅनिकने बराच वेळ हातातला पाना पुसला.

"यंदापासून तुम्ही यायचं माझ्याकडे," तो म्हणाला. "आणि जेवल्याशिवाय माफी मिळणार नाही."