काशाची वाटी

पहाटे चारला सुंदराबाई उठली. तिने अंगणातला रांजण भरला, त्याच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळले आणि चुलीच्या गरम राखेत दोन कैऱ्या पुरल्या. तांबडे फुटायच्या आत तिने आणि देवरावने मळ्यातली भेंडी, गवार तोडली. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या बांधून टोपलीत वरच्या बाजूला रचल्या. मग रोजच्याप्रमाणे नवऱ्याच्या शेल्याच्या टोकाला एक पांढरा कांदा बांधून ती म्हणाली, "डोक्स उघडं ठेवू नोका. साठीच्या पार गेले तुमी."

"अन् तू काय सोळाची हाएस?"

"मले काय होते? मी बाईमानूस."

टोपली डोक्यावर घेऊन ती तीन मैलांवरच्या चांदूर बाजारला निघाली.

एरवी ती अकराच्या आत परतत असे. त्या दिवशी एक वाजला. उंबरठ्याशी येऊन तिने चौकट धरली आणि तिथेच खाली बसली. चेहरा विटेसारखा तांबडा झाला होता, ओठ सुकले होते, आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. देवरावने टोपली उतरवून घेतली. सकाळी डोक्याला गुंडाळण्यासाठी म्हणून तिने भिजवलेले फडके टोपलीवर पसरलेले होते. त्याखाली न खपलेल्या दोन जुड्या अजून टवटवीत होत्या.

"हे डोक्स्याले काहून नाई बांधलं वं?"

"सांबार सुकला असता," ती म्हणाली. "सुकलेला कोन घेते?"

त्याने तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवले. तेच फडके भिजवून कपाळावर ठेवले. राखेतल्या कैऱ्या काढून, मीठ घालून पन्हे केले आणि घोटघोट पाजले. शेजारच्या आळीतले मोतीराम वैद्य येऊन नाडी पाहून गेले. जाताना उंबरठ्यावर थांबून ते म्हणाले, "घरी येऊन पडली, हे बरं झालं. पानी देत राहा, फडकं वाळू देऊ नोका. पन तळव्याची आग उतरली पाह्यजे. घरात बाईमानूस कोनी हाय का? काशाची वाटी घासाले लावा."

दोन्ही मुली सासरी होत्या. शेजारची जाईबाई कालच मोझरीला गेली होती. घरातले बाईमाणूस म्हणजे ही निजलेली, एवढेच.

वाटी कोनाड्यात होती. बेचाळीस उन्हाळे, दुपारी देवराव मळ्यातून आला की सुंदराबाई बोटभर तूप घेऊन त्या वाटीने त्याचे तळवे घाशीत असे. तळवे काळे पडले की त्याला दाखवून म्हणत असे, "पाहा, केवढी गर्मी निघाली!" तिचे तळवे कोणी घासल्याचे त्याला आठवेना.

"माय," सुंदराबाई ग्लानीत बोलली. "वाटी घास ना वं, माय."

तिची माय जाऊन तीस वर्षे झाली होती.

देवराव दारात जाऊन उभा राहिला. अंगण पांढरे पडले होते. रस्त्यावर माणूस नव्हते, कुत्रेही नव्हते. बायकोच्या पायाला हात लावलेला पुरुष त्याने आजवर पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. आतून पुन्हा तीच हाक आली, आधीपेक्षा बारीक. त्याने दार लोटून घेतले. कोनाड्यातली वाटी काढली, तुपाच्या बुधल्यात बोट बुडवले आणि तो तिच्या पायथ्याशी मांडी घालून बसला.

हे पाय त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. मळ्यात, बाजाराच्या वाटेवर, लग्नाकार्यात ते नेहमी त्याच्या मागून चालत आले होते. टाचांच्या भेगांत माती रुतली होती. डाव्या टाचेला नव्या सडकेवरचे वितळलेले डांबर चिकटले होते. त्याच्या स्वतःच्या वहाणा दाराशी होत्या.

वाटी लागताच तिने पाय ओढला. डोळे उघडले.

"काय करून राहिले तुमी? सोडा. पाप लावता का मले?"

"पडून राह्य."

"कोनी पाह्यलं तं?"

"दार लोटलं हाय."

"देव तं पाह्यते."

"पाहू दे. त्याचेही तळवे जळत असतीन."

तिने पुन्हा पाय ओढून पाहिला. पण अंगात जोर नव्हता. देवरावने टाच हाती धरली. ती जशी घाशीत असे तसेच घासायचा तो प्रयत्न करू लागला. टाचेपासून बोटांकडे, मग वळसा घेऊन परत. पहिल्यांदा वाटी दोनदा हातातून निसटली. मग हाताला चाल सापडली. पुष्कळ वेळ खोलीत तेवढाच आवाज होत राहिला. तळवा हळूहळू काळा पडत गेला. केवढी गर्मी निघाली ते तिला दाखवावे म्हणून त्याने वर पाहिले, तर तिचे डोळे मिटले होते आणि फडक्याच्या खाली, भुवयांशी, घामाचे बारीक थेंब आले होते.

"माय," ती म्हणाली.

देवरावचा हात थांबला.

"ओ," तो म्हणाला, आणि त्याने तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.