पहिली ओळ

मुलीचे ओठ पहिल्या शब्दासाठी तयार होते, पण आवाज येत नव्हता.

तो तिच्या समोर बसला होता, मांडीवर टॅब. शेजारी त्याच्याबरोबर तपासणीला नेमलेल्या काकू, त्यांच्याही मांडीवर टॅब. एकाच मुलीचं वाचन दोघांनी वेगवेगळं तपासायचं, एकमेकांच्या पडद्यात डोकावायचं नाही, आणि शेवटी दोघांचं जुळतंय का ते पाहायचं. ते पाहायला एक पाहुणे मागे उभे होते. परदेशातून आले होते. हीच चाचणी त्या वर्षी बऱ्याच देशांत चालू होती, आणि सगळीकडचे आकडे शेजारीशेजारी मांडायचे तर तपासणाऱ्यांची बोटं सारखी पडायला हवीत, असं त्यांनी प्रशिक्षणात समजावलं होतं. इथली भाषा त्यांना येत नव्हती. लागतही नव्हती. ते पडदे बघत.

काल त्याचं आणि काकूंचं जुळलं नव्हतं. एका मुलाचे अर्धेमुर्धे शब्द त्याने धरले, काकूंनी धरले नाहीत. परत तसं झालं तर त्याचं नाव गटातून कमी होणार होतं, आणि विज्ञानाची पदवी घेतल्यापासून हाताला लागलेलं हे पहिलंच काम होतं. "शास्त्रज्ञ," काकू सकाळी जिन्यात म्हणाल्या होत्या, "तुझं मन फार मऊ आहे रे. टॅबमध्ये त्याला बटण नाही. मूल अडलं की मनात तीन मोज, 'पुढे' म्हण, शब्दाला बोट लाव आणि मोकळा हो."

मुलीसमोरच्या कागदावर उतारा होता, त्याची पहिली ओळ साधी होती. 'ताईला नदीकाठी एक लहान कासव सापडलं.' बोट लावलं की शब्द लाल व्हायचा, म्हणजे चुकला. ओळीतले सगळे शब्द लाल झाले की टॅब आपोआप थांबायचा. मुलाला वाचता येत नाही असं धरून उताऱ्याचा उरलेला भाग आणि त्यावरचे प्रश्न गाळले जायचे.

"पुढे," तो म्हणाला. 'ताईला' लाल झालं. त्याने उताऱ्यावरच्या दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवलं.

मुलगी पुढे गेली नाही. तिला पहिलाच शब्द म्हणायचा होता. मान किंचित खाली, एक डोळा आकसलेला, जबडा घट्ट. हे त्याने घरी रोज पाहिलं होतं. त्याचे वडील बोलताना असेच अडायचे. अशा वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आपण दुसरीकडे बघत बसलो की शब्द येतो. इथे मात्र वाचणाऱ्या मुलावरून नजर हलवायची नाही, असा नियम होता.

"पुढे."

शेजारून काकूंच्या नखाचा काचेवर टक आवाज आला. दोघांची बोटं एकाच वेळी पडत होती. 'नदीकाठी' लाल. 'एक' लाल. 'लहान'. 'कासव'.

शेवटचा शब्द उरला तेव्हा त्याने नजर काढून घेतली. खिडकीत पाण्याचा जग होता, त्यावर पेला पालथा घातलेला. तो पेल्याकडे बघत राहिला.

"ताईला," मुलगी म्हणाली. अगदी स्वच्छ. "ताईला नदीकाठी."

उशिरा आलेले शब्द धरत नाहीत. पण 'सापडलं' त्याच्या पडद्यावर अजून पांढरं होतं. त्याला हात लावला नाही तर टॅब थांबणार नव्हता. वाचायला दिलेल्या एका मिनिटातला उरलेला वेळ तिचा होता, आणि तिची गाडी आता सुरू झाली होती.

टक. काकूंचा पडदा बंद झाला. पाहुणे एक पाऊल पुढे आले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

त्याने बोट लावलं. काच गार लागली. बाकी काही नाही.

"थांब," तो म्हणाला. "झालं."

मुलीचं तोंड तिसऱ्या शब्दावर उघडं राहिलं. मग मिटलं.

पाहुण्यांनी दोन्ही टॅब शेजारीशेजारी धरले. सगळं जुळत होतं. त्यांनी मान डोलावली आणि काकूंना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. काकूंनी ते त्याला सांगितलं: ही जोडी इतकी चांगली आहे, की तपासणी कशी करावी हे इतर देशांना दाखवायला आपलं उदाहरण द्यायचं म्हणताहेत. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सुटलास बाबा. आता दुपारी पोटभर जेव." त्याने होकार दिला. कोणीतरी पगाराची तारीख सांगावी आणि आपण 'बरं' म्हणावं, तसा.

मुलगी उठली नव्हती. उतारा त्याने केव्हाच काढून घेतला होता. तो पडद्यावर पुढच्या मुलाचं नाव शोधत होता, काकू पिशवीत चष्म्याचं घर शोधत होत्या, पाहुणे घड्याळ बघत होते. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"कासवाला त्याच्या आईजवळ नेऊन सोडलं," मुलगी म्हणाली, "ते बरं केलं ताईनं."

ते उताऱ्याच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं.

काकूंचा हात पिशवीतच राहिला. तो पडद्यावरच्या पुढच्या नावाकडे बघत राहिला, ते न वाचता.

पाहुण्यांनी त्या सकाळी इथला एकच शब्द पाठ केला होता. मुलगी काहीतरी बोलली हे पाहून ते तिच्यासमोर वाकले, मनापासून हसले आणि तो शब्द म्हणाले.

"छान."