जेवणाची सुट्टी

एक वाजला की अख्खी टीम जेवायला जाते. मी मागे राहते. तोवर टीम ज्यावर काम करते त्या डेव्हलपमेंट सर्व्हरची मेमरी गच्च भरलेली असते, मी तो रोज रीस्टार्ट केला नाही तर सगळ्यांचं काम ठप्प होईल. दोन वर्षं गार डबा खातेय.

काल मॅनेजरना म्हटलं, "सर, मेमरी कुठे अडकते ते शोधून कायमचं दुरुस्त करते. दोन दिवस द्या."

"कशाला? तो सर्व्हर कधी बंद तरी पडलाय का? नसत्या उठाठेवी करू नकोस."

डोक्यात तिडीक गेली.

आज एक वाजता डबा उचलून सगळ्यांच्या आधी निघाले. दुसऱ्याच घासाला सरांचा फोन.

"अगं, मेमरी संपली म्हणतोय सर्व्हर! सकाळपासूनचं सगळं काम गेलं! कुठे आहेस?"

"जेवतेय, सर. दोन दिवस लागतील."